पाण्याबाहेर ओढलेली दोरी

हिर्डोशी गावाच्या समोर, धरणाच्या पलीकडच्या काठाला गोरखची वस्ती. येण्याजाण्याला त्याची इंजिनाची होडी. माणूस मुलखाचा चुळबुळ्या. इंजिनाचं बूड पाण्यात नीट बुडाल्याशिवाय ते सुरू करायची दोरी ओढायचा नाही, आणि ओढली की मान वळवून मागंच बघत बसायचा. मागून पाण्याची बारीक धार पडली, म्हणजे पंप चालू, इंजिन गार. नाही पडली तर लगेच बंद. पाण्याबाहेर इंजिन घडीभर चाललं तरी पंपातला रबरी पंखा जळतो, हे ऐकून ऐकून वस्तीचे कान किटले होते.

त्यात बायकोचे, स्नेहलचे दिवस भरत आलेले. गोरखला बसवेना की उभं राहवेना.

दसऱ्याला त्यानं इंजिन अंगणात आणून फळीला अडकवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली की ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो, एकदा सुरू करायची ही तिथली रीत. म्हणून आईला त्यानं दोनदा बजावलं, "ह्याला हात लावायचा न्हाई." मग आपट्याची पानं आणायला गेला.

परतताना वरच्या वाटेवरच त्याला इंजिनाचा आवाज आला. पानं टाकून धावत सुटला. अंगणभर जळक्या रबराचा वास, आणि इंजिनापाशी साळूबाई, त्याची आई. त्यानं इंजिन बंद केलं, खांद्यावर टाकून काठाला नेलं, होडीला अडकवून पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली. धार काही पडली नाही. नवा पंखा पुण्याशिवाय मिळायचा नाही, आणि सणाला दुकान कोण उघडतंय?

"सांगितलं व्हतं ना तुला!" तो मागं आलेल्या आईवर ओरडला.

"तुझ्या बाच्या छातीत कळ आली, तवा वल्ह्याच्या होडीतच गेला तो, मदल्या पान्यात," साळूबाई म्हणाली. "स्नेहलची येळ आल्यावर हे सुरूच झालं न्हाई तर? म्या म्हनलं, येकदा बगते. जीव थाऱ्यावर ऱ्हाईना माजा."

 तीच काळजी गोरखला महिनाभर कुरतडत होती.

"स्नेहल, पिशवी घे," त्यानं हाक मारली. "कळा सुरू व्हायच्या आधीच भोरच्या दवाखान्यात जाऊ."

"आज? सनाचं?"

"आत्ताच."

त्यानं वल्ही काढली, स्नेहलला हात धरून बसवलं. वारा समोरून होता. नवरा गेल्यापासून साळूबाईनं वल्ह्याला हात लावला नव्हता. तिनं पदर खोचला आणि होडीत येऊन लेकाशेजारी बसली.

"दुसरं वल्हं हिकडं दे," ती म्हणाली.