गॅस वाढव

गॅसला ऐकू येतं, असं छातीवर हात ठेवून सांगणारी बाई साऱ्या जगात एकच असेल, आणि ती नेमकी परभणीजवळच्या पिंगळीत आमची घरमालकीण निघाली. मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत शाळा सोडली, मिळेल ती मशीनं चालवत फिरलो आणि रेल्वेच्या कामावर खोदाईचं यंत्र चालवायला इकडे आलो. समुद्र सोडून आलेल्या माणसाला इथलं ऊन, इथली ज्वारीची भाकरी आणि इथली बोली या तिन्ही गोष्टींनी आधीच धक्के दिले होते. पण पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून जे कानावर आलं, त्यानं मी अंथरुणातच ताठ बसलो. घरमालकीण मावशी कुणाला तरी विनवत होत्या, "उठा की वो जावईबापू. असं तोंड फुगवून बसू नका. पाणी दिलंय तुमाला, आता तरी पेटा." विधवा बाई, एकुलता मुलगा पुण्याला, मुलगी नाही, मग हा जावई आला कुठून? आणि त्याला पेटा कशाला म्हणतात? बायकोला उठवून विचारलं तर तिनं भिंतीकडे तोंड केलं. आत जाऊन पाहिलं तर जावई म्हणजे भिंतीवर टांगलेला पांढरा गॅस गिझर.

मुलानं तो हौसेनं बसवून दिला होता. इथं लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आईला गरम पाणी मिळावं, एवढाच त्याचा हेतू. मावशींनी मात्र त्याच्याशी नातं जोडलं. "भिंतीला टेकून ऱ्हातंय, काम सांगितलं की फुरफुरतंय, आन् कवा भडकंल त्याचा नेम न्हाई. जावई न्हाई तर काय?" या जावयाचा मानपान मोठा होता. पेटवण्याआधी मावशी न्हाणीच्या उंबऱ्यावर उभ्या राहून मांजरीसारखं नाक वर करून हवा हुंगत. नंतर गुडघ्यावर बसून जमिनीजवळ हुंगत, कारण त्यांच्या मते गॅस हा अंगानं जड, आळशी, खाली बसून राहणारा प्राणी. जरा जरी वास आला, की सिलिंडरचा कॉक फिरवून खराटा घेत आणि रिकाम्या फरशीवरून गॅस झाडत झाडत दारातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर काढत. एकदा मी कामावर निघालो होतो, तर मला हात करून म्हणाल्या, "थांब रे बाबा, ह्याला आधी जाऊ दे." मी दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणीच नव्हतं. तरी मी थांबलो. गॅस पुढे गेला, मग मी गेलो.

त्या वेळात घरात कुणी दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, उदबत्ती नाही, काडेपेटी नाही. एकदा भिंतीपलीकडचे म्हातारे विडी ओढत अंगणात आले, तर मावशींनी त्यांच्या विडीवर तांब्याभर पाणी ओतलं. विडीवर म्हणजे विडी तोंडात असताना. म्हातारे गारठून उभे. मावशी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ऱ्हाल तर विडी पुन्हा वडाल." पेटवायचं शास्त्रही ठरलेलं. खिडकी आणि दार सताड उघडं. आधी नळ, मग गॅस. "दारी आलेल्याला आधी पाणी विचारतेत, का आधी चुलीवर बसवतेत?" असा त्यांचा सवाल. आतून टकटक आवाज आला आणि जाळ धरला तर ठीक, नाही धरला तर लगेच सगळं थांबवायचं, वास जाईपर्यंत अंगणात बसायचं. आणि सर्वांत मोठा नियम असा, की जावई जागा असताना, बादली भरणारा सोडून, न्हाणीत माणूस नाही. बादल्या भरून घ्यायच्या, जावयाला झोपवायचं आणि मगच आंघोळीला आत. मला हे सगळं वेड वाटायचं. पण भाडेकरूनं असं तोंडावर म्हणू नये, म्हणून मी मनातल्या मनात वाटून घ्यायचो.

मावशींची दुसरी तऱ्हा जिभेची होती. अशुभ शब्द त्या उच्चारायच्याच नाहीत. तांदूळ संपले तर "तांदळाला भर आला" म्हणणार. बांगडी फुटली तर वाढली, दुकान मिटलं तर वाढलं. आमच्या गावीही नारळ फोडायचा झाला की वाढवतात, पण मावशींनी ही रीत पार टोकाला नेली होती. साबण संपला तर तोही वाढायचा. मोबाइलची बॅटरी उतरली की मुलाला सांगायच्या, "फोन वाढला होता रे, म्हणून उचलला न्हाई." तो बिचारा विचारायचा, "केवढा?" 'बंद' हा शब्द तर घरात आलेला मला आठवत नाही. दाराला बंद नाही, तोंडाला बंद नाही. तोंडाला तर खरोखरच नाही.

अशात बायकोचे दिवस भरत आले. तिची आई नाही. माझ्या आईला घर सोडता येईना, कारण वडील अंथरुणावर. डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून बजावलं. परक्या मुलखात आपल्या माणसाशिवाय बाळंतपण कसं व्हायचं, या काळजीनं मला घास उतरेना. मावशींना सांगावं की नाही, या विचारात असतानाच त्यांनी मला अंगणात धरलं. "तोंड कशापायी पाडलंस? माझ्या घरात लेकरू यायलंय. तू तुझं मशीन चालव, हिकडचं मी बघते." परभणीच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आणली त्या दिवशी मावशींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बायकोच्या कानांत कापूस कोंबला, डोक्याला फडकं बांधलं आणि मला दाराबाहेर काढलं. माझ्याच खोलीच्या.

घोटाळा झाला तो पुढच्या सकाळी, पहिल्या आंघोळीला. शेजारची काकू मदतीला आली होती. विडीवाल्या म्हाताऱ्यांची ही सून, कामाला वाघ, बोलायला त्याहून मोठा वाघ. सकाळी वारं बोचरं सुटलं होतं. तिनं आल्या आल्या न्हाणीची खिडकी ओढून घेतली आणि बायकोला म्हणाली, "चल गं, बाळाला घेऊन आत बस. गिझर पेटला की गरम वाफ हुईल, लेकराला ऊब भेटंल."

मावशी दारात आडव्या झाल्या. "जावई जागा असताना कुणी आत न्हाई."

"वो आत्या, बाळंतिणीला वारं लागंल की! खिडकी उघडी टाकून आंघोळ घालतेत का कुठं? जगावेगळंच तुमचं."

"आधी बादल्या भरू दे. मग खिडकी लाव, नायतर चिखलानं लिंपून टाक. आता उघड ती."

"लेकरू आजारी पडलं तर?"

"आजारी पडलं तर दवाखाना हाय. कोंडून मेल्यावर कुठं न्यायचं?" मावशी बोलल्या आणि 'मेल्यावर' हा शब्द आपल्या तोंडून गेला या धक्क्यानं त्यांनी स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. काकू दारातून बाजूला सरली. बायको बाळाला छातीशी धरून अंगणातच थांबली.

मावशींनी खिडकी उघडली, हुंगून घेतलं, नळ सोडला. त्यांच्या एका हातात बादली, म्हणून गिझरचा खटका मला फिरवायला सांगितला. मी फिरवला. टक, टक, टक, टक. जाळ धरेना. आतले ठिणगी पाडणारे सेल मेलेले असावेत. मावशींच्या भाषेत, वाढलेले. टकटक मंद होत गेली आणि सडक्या कांद्यासारखा वास नाकात घुसला. मावशी ओरडल्या, "वाढव!"

मी खटका मोठा केला.

"अरे वाढव म्हणते ना! वाढव, वाढव!"

मला वाटलं, कमी पडतंय. मी तो शेवटापर्यंत फिरवला. मावशींच्या डोळ्यांत मी तेव्हा जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बादली फेकली, मला दंडाला धरून मागे खेचलं, आणि तेवढ्यात त्या मेलेल्या सेलांना शेवटचा एक टक सुचला.

भप्प!

निळा जाळ गिझरच्या पोटातून जिभेसारखा बाहेर आला, आम्ही उभे होतो ती जागा चाटून उघड्या खिडकीतून वर गेला. मी दाराबाहेर पालथा पडलो होतो. भुवया करपल्याचा वास येत होता आणि त्या माझ्याच होत्या. मावशींच्या पदराला काळं भोक पडलं होतं. आतून अजून फुरफुर चालूच होती.

"बंद कर!" मावशी किंचाळल्या. "बंद कर रे मुडद्या, बंद कर!"

मी रांगत जाऊन सिलिंडरचा कॉक फिरवला. सगळं शांत झालं. अंगणात बाळ रडत होतं, खणखणीत, जिवंत. बायको पांढरीफटक पडून माझ्याकडे पाहत होती. काकू त्या न्हाणीच्या कोपऱ्याकडे बघत होती, जिथं तिनं बाळंतिणीसाठी पाट मांडून ठेवला होता. पाटावरचं फडकं जळून गेलं होतं. ती तिथंच खाली बसली.

मी मावशींचे पाय धरायला गेलो. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. मला वाटलं भाजलं. "न्हाई रे," त्या हळूच म्हणाल्या, "कालचं आलेलं लेकरू, आन् त्याच्या म्होरं मी काय काय बोलून बसले."

जाळाला न भिणारी बाई शब्दाला भ्याली होती. मी हात जोडून म्हणालो, "मावशी, तुम्ही आधीच बंद म्हणाला असता तर माझ्या भुवया राहिल्या असत्या." काकूला हसू फुटलं, मग बायकोला, आणि शेवटी मावशींनाही. पण त्यांचं हसू लगेच ओसरलं. त्या दिवशी बाळाचं पाणी अंगणात तीन दगडांवर तापलं. गिझर दुरुस्त होऊन न्हाणीतून बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत गेला.

आता मुलगी रांगते. मावशी अजून साऱ्या जगाला वाढवतात, फक्त गॅसला नाही. बादल्या भरल्या की त्या मला सांगतात, "बंद कर." आधी जरा थांबतात, विहिरीत उतरणाऱ्या माणसानं पायरी चाचपावी तशा. शब्द बाहेर पडला, की लगेच माझ्या मुलीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवतात आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडतात. रोज. माझ्या लेकीवरची ती इडापिडा त्या आपल्या अंगावर घेऊन पुढे कुठं ठेवतात, हे विचारायला मला अजून धीर झालेला नाही.