आईचा रुक्मिणीहरणाचा पंखा

आज दुपारी जुन्या जालन्यातल्या फ्रेमवाल्या काकांकडून आईचा पंखा आणला. अजून काहीच वाटत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहितेय.

तिच्या आजीकडून आलेला घडीचा पंखा, कागदावर हाताने रंगवलेलं रुक्मिणीहरण. आई तो कधी एकदम उघडत नसे. एक घडी उघडायची, तेवढीच गोष्ट सांगायची. कृष्णाचा रथ अगदी शेवटच्या घडीत. रथ आधी दाखव म्हणून आम्ही भावंडं भांडायचो, ती ऐकायची नाही.

महिन्यापूर्वी आई गेली. पंख्याच्या काड्या सुटत होत्या, म्हणून काचेत बसवायला दिला होता.

काकांनी तो पूर्ण पसरून प्लायवूडवर चिकटवून टाकलाय.

"बघा ताई, आता बिलकुल हलनार न्हाई," ते खुशीत म्हणाले. "मंग, कसा झाला?"

"छान झालाय," मी म्हणाले.

घरी मुलीने एकदाच पाहिलं. "रथातून पळवून नेतोय होय तिला?" म्हणाली आणि आत गेली.

शेवट आधीच दिसत असताना गोष्ट कुठून सुरू करायची? तुमच्यापैकी कुणाला जमलंय?