करवंटीबाईची शक्ती

मी खलनायिका आहे. फार मोठी नाही हां, चार पानांची. गोष्टीतला मोठा खलनायक वेगळाच, तो समुद्र पितो. समुद्र पिऊन पोट फुगवून तो झोपला की मधल्या वेळात वाचणारी पोरं कंटाळू नयेत, म्हणून मला आणतात. मी बाजारात गोणपाट अंथरते, लोकांना फसवते, मग ती उडणारी नायिका येते, माझी फजिती करते, पोरं हसतात. संपलं माझं काम.

ही गोष्ट माझ्या मुलीने काढलेली आहे. ती बोरिवलीला राहते, मुलांसाठी मोबाईलवर येणाऱ्या चित्रकथा काढते. कॉमिक म्हणतात त्याला. दर आठवड्याला नवा भाग आला की ती मला पाठवायची आणि मी न उघडता तिला अंगठा पाठवायचे. मला वाटायचं, राक्षस नि उडत्या पोरी, त्यात आपलं काय काम? धाकट्या डहाणूला खाडीच्या काठावर बोंबील वाळत घालायचे, सुकट निवडायची, पाटी भरून तलासरीच्या आठवडा बाजाराला जायचं, यातून वेळ कोणाला आहे? सातवी शिकले आहे, वाचता येतं. पण वाचलं नाही ते नाहीच.

त्या दिवशी बाजारात माझी झरी गावची बाय आली. गिऱ्हाईक म्हणा, मैत्रीण म्हणा. माझं लग्न होऊन मी पहिल्यांदा पाटी घेऊन पाड्यावर गेले, तेव्हा तिनेच मला ओट्यावर बसवून पाणी दिलं होतं. पैसे नसतील तेव्हा ती सुकटीवर तांदूळ देते, कधी वाल देते. मला सोडून दुसऱ्या कोणाकडे कधी गेली नाही. या वेळी बरोबर तिची नात होती, शाळेत जाणारी, हातात मोबाईल. ती पोर मोबाईलकडे बघे, मग माझ्याकडे बघे. परत मोबाईलकडे, परत माझ्याकडे.

"काय गं, माझ्या तोंडाला काय लागलंय का?" मी म्हटलं.

पोर आजीच्या पदराला चिकटली. "आजी, हीच ती. करवंटीबाई."

तिने मोबाईल पुढे केला. मी बघितलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डाव्या भुवईवर कापल्याची खूण, पाय पसरून बसायची तऱ्हा, पाटीला बांधलेली निळी दोरी. मीच! दुसरी कोण असणार? नि खाली माझ्या शक्ती लिहिलेल्या. करवंटीबाई एकाचे चार करून दाखवते. करवंटीबाईने "ए बाय, इकडे बघ" म्हटलं की जाणाऱ्याचा पाय उचलत नाही. करवंटीबाईने एसटीत पाटी उघडली की मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या होतात. इथपर्यंत ठीक होतं, मी पण हसले असते. पण शेवटी लिहिलं होतं की ढिगात कोणी बोटं घातली, तर करवंटीबाईची सगळी शक्ती जाते.

आता हे ज्यांना कळत नाही त्यांना सांगते. आमच्याकडे सुकट काट्यावर मोजत नाहीत, वाटे लावतात. एक ढीग म्हणजे एक वाटा, बघा नि घ्या. सगळा नजरेचा व्यवहार. तर खाली नारळाची करवंटी उपडी ठेवायची आणि वरून सुकट घालायची. ढीग असा टुमदार दिसतो की बघत राहावं. गिऱ्हाइकाने घेतो म्हटलं की वरची सुकट ओंजळीने पिशवीत सारायची आणि त्याच हाताने करवंटी गोणपाटाखाली. सगळ्याजणी करतात असं मी म्हणणार नाही. मी करायचे. मनाला सांगायचे, गिऱ्हाईक तरी वर मूठभर फुकट मागतंच की!

झरीची बाय चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मग खाली वाकली आणि तिने माझ्या वाट्यात बोटं घातली.

करवंटी बाहेर आली. तिने ती तळहातावर ठेवली, उलटी केली, सुलटी केली. आजूबाजूच्या भाजीवाल्या, बांगडीवाली, सगळ्यांच्या माना वळल्या. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. नात तर टाळ्या पिटायला लागली, तिच्या गोष्टीतली बाई खरी निघाली ना!

झरीची बाय एकटी हसली नाही. म्हणाली, "मी तुला काठाच्या वर शीग लावून तांदळाचं माप भरलं गं बाय. दर वेळी."

एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कोणाला ऐकत नाही. पण ती करवंटी माझ्यासमोर हळूच ठेवून, नातीचा हात धरून निघून गेली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर किती बरं, असं झालं. मी उरलेला माल तसाच पाटीत कोंबला आणि उठले.

टमटममध्ये बसल्या बसल्या मुलीला फोन लावला. शेजारी चिकूच्या पेट्या घेऊन एक माणूस, समोर दोन मास्तरणी. मला कसली शुद्ध! स्पीकर चालू आहे हेही कळलं नाही.

"आईला चोर केलंस ना जगासमोर? हेच शिकवलं का तुला मी? त्याच सुकटीवर वाढलीस तू, त्याच करवंटीवर तुझी फी भरली! लाज नाही वाटली माझी भुवईसुद्धा काढताना?"

"आई, ऐक ना..."

"काय ऐकू? नारळी पुनवेला घरी पाऊल टाकू नकोस. आलीस तर दार लावून घेईन, सांगून ठेवते!"

ती म्हणाली, "आई, पुढचा भाग येईल तो तरी वाच."

"अडलंय माझं खेटर!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. चिकूवाला बाहेर बघत होता. मास्तरणी एकमेकींकडे बघत होत्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तोंड मात्र मीच उघडलं होतं.

माझी मुलगी नारळी पुनवेला आली नाही असं आजवर झालं नव्हतं. परीक्षा असो, नोकरी असो, होड्यांची पूजा व्हायच्या आत ती हजर. नाचून, भिजून, करंज्या खाऊन दुसऱ्या दिवशी जायची. जेवताना माझं नि तिचं ठरलेलं भांडण व्हायचं. तिला ताटात भात टाकायची सवय. आजूबाजूचं सगळं खायची आणि मधोमध मूठभर ठेवून उठायची. मी ओरडायचे, "शहरात गेली नि बाईसाहेब अन्न टाकायला शिकल्या!" ती म्हणायची, "सवय आहे गं," आणि हात धुवायला जायची.

या वेळी पूनव आली. गल्लीत सगळ्यांनी नवे कपडे घातले, बायका डोक्यावर नारळ घेऊन निघाल्या. मी पण निघाले. जावेने विचारलं, पोर दिसत नाही ती? मी म्हटलं, सुट्टी नाही मिळाली. पाण्यात नारळ सोडताना कोण काय मागतं, माझा नवरा सुखरूप राहू दे, होडी भरून येऊ दे. मी काय मागणार? माझ्या तोंडानेच तिला नको म्हटलेलं. घरी येऊन करंज्या डब्यात भरल्या आणि डबा फळीवर ठेवून दिला. फोन करायला हात जाईना. तलासरीच्या बाजाराला पण जाईना. जावेला म्हटलं, कंबर धरलीय.

मग नवा भाग आला. तिने पाठवला, खाली एक शब्दही नाही. दुपारी सगळी निजलेली होती, तेव्हा ओट्यावर बसून मी तो उघडला. मनात म्हटलं, बघू तरी आता आणखी काय माझे धिंडवडे काढलेत.

वर लिहिलं होतं, करवंटीबाईला ही शक्ती कुठून आली.

पहिल्या चित्रात पाऊस. होडी वाळूवर उपडी घातलेली. घर ओळखायला मला वेळ लागला नाही, कारण मी त्याच ओट्यावर बसले होते. ओटी एक आणि चुली दोन, माझी नि जावेची. नवरा तेव्हा गुजरातच्या बोटीवर खलाशी, त्याचे पैसे कधी यायचे, कधी नाही. पावसाळ्यात तर हाल कुत्रा खात नव्हता. जावेची चूल बरी चालायची, तिचा नवरा नोकरीला. पण पोरं जेवायला एकाच ओळीत बसायची, आमच्या घरात तशीच रीत. चुली वेगळ्या झाल्या म्हणून पोरांनी काय भिंतीकडे तोंड करून जेवायचं?

दुसऱ्या चित्रात ओळीत तीन ताटं. दोन भरलेली. तिसऱ्या ताटात एक हात वाटी उपडी ठेवत होता. पुढच्या चित्रात त्याच वाटीवर तोच हात भात घालत होता, थापून थापून, टुमदार. ओळीतली तीनही ताटं सारखी दिसत होती.

हे कोणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला नाही, जावेला नाही. माझ्या पोरीने दुसऱ्याच्या ताटाकडे बघत जेवू नये म्हणून मी हे करायचे, आणि मला वाटायचं की फार हुशारीने करते. ती बिचारी बाजूबाजूने खायची, पोट भरलं म्हणायची, मधला भात तसाच ठेवून उठायची. वाटी कधी उघडी पडलीच नाही. मी देवाचे आभार मानायचे, की माझ्या पोरीची भूकच लहान आहे.

पुढचं चित्र मोठं होतं, अख्ख्या पानाचं. मुलीची बोटं भातात शिरलेली आणि वाटीला लागलेली. तिचे डोळे वर. समोर दारात आई, हातात पळी, तिच्याकडे टक लावून बघणारी. त्याच्या खालच्या चित्रात ती मुलगी त्या वाटीवर परत भात सारखा करत होती. बोटांनी, सगळीकडून, नीट.

त्याच्या खाली आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडत होती, "एवढा वाढते तरी टाकतेस! मस्ती आलीय!" हे मी म्हणायचे. जावेला ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणायचे. आणि शेवटच्या चित्रात तीच आई दाराआड बसून पोरीच्या ताटातला तो उरलेला भात खात होती. वाटीवरून निपटून निपटून. मुलगी भिंतीआडून बघत होती. लिहिलेलं काहीच नव्हतं.

मी कितीदा ते परत परत बघितलं, मला माहीत नाही. लाज किती प्रकारची असते बघा. बाजारात मला लाज वाटली ती लोकांची. ही वेगळीच होती. एवढीशी पोर, उपाशी, आणि आईचं खोटं झाकायला घासातला घास मागे ठेवत होती. आईला खायला मिळावा म्हणून ठेवत होती. आणि मी वर तिलाच शिव्या घालत होते, तेव्हा पण नि आता पण.

फोन लावला. तिने लगेच उचलला.

"कधी येतेस?" मी म्हटलं.

"तूच म्हणालीस पाऊल टाकू नको."

"मी सांगितलेलं तू आजवर कधी ऐकलंस गं? एवढं बरं ऐकलंस!" मला आवाज चढवायचा होता, पण तो फाटला. पलीकडे ती हसली की रडली, मला कळलं नाही. म्हणाली, "रविवारी येते."

त्याच्या आधी मी तलासरीला जाऊन आले. वाट्याखाली काही ठेवलं नाही. ढीग बसके दिसत होते, भाजीवाली गालात हसत होती. हसू दे. झरीची बाय आली. मी काही बोलायच्या आत तिने वाट्यात बोटं घातली, पार गोणपाटापर्यंत. खाली काही लागलं नाही. तिने सुकट घेतली, तांदूळ दिले. शीग लावून दिले नाहीत, सपाट माप दिलं. बरोबर आहे तिचं. अजूनही येते तेव्हा आधी बोटंच घालते, आणि मी तोंड फिरवून पाटी सारखी करत बसते.

रविवारी मुलगी आली. मी भात केला, सुकटीची चटणी केली, बोंबलाचं कालवण केलं. करंज्यांचा डबा काढला, त्या मऊ पडलेल्या, तरी तिने खाल्ल्या. ना ती वाटीबद्दल बोलली, ना मी. मी तिला वाढलं, परत वाढलं, ती "बस गं आई, बस" म्हणेपर्यंत वाढलं. ती भुकेली होती, पटापट जेवत होती, ऑफिसच्या गमती सांगत होती.

मग ती हात धुवायला उठली. ताटात मधोमध मूठभर भात होता.

मी ओरडले नाही. माझी बोटं आपोआप त्या भाताखाली गेली, बघायला. खाली नुसतं ताट होतं. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. ती परत यायच्या आत मी तो भात खाऊन टाकला.