सा कुणाच्या गळ्याचा
बोदवडच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला मी रुजू झाले, तेव्हा माझं वय एकोणीस आणि तोरा मात्र गानगुरूचा. पेटीवर खालच्या सप्तकातली काळी पाच दाबून मी 'सा' द्यायचा आणि मुलींनी तो उचलायचा, अशी माझी पद्धत. मला तसंच शिकवलं होतं.

वर्गात कापूस पिकवणाऱ्या घरातली दहा वर्षांची एक मुलगी होती. बाकीच्या कशाबशा 'सा' गाठायच्या, पण ती म्हणायला गेली की घशातून नुसती घरघर. पाच-सात वेळा म्हणवून घेतलं, मग माझा पारा चढला. "तू नुसते ओठ हलव," मी म्हटलं, "आवाज काढू नकोस." तिनं मान डोलावली आणि पावसाळाभर इमानानं ओठ हलवले.

भादव्याच्या पौर्णिमेला घरोघरी भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली मातीची पार्वती, बसली. महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर तिची गाणी म्हणत. आमच्या ओसरीवरही आल्या, आणि सगळ्यांच्या पुढे तीच माझी घरघरणारी! आता होणार शोभा, असं मला वाटलं. पण तिनं गाणं सुरू केलंच नाही. सगळ्यांत धाकट्या, पाचेक वर्षांच्या पोरीपुढे ती वाकली.

"तू म्हन पयले. तुले जमलं का मंग आम्ही बठ्ठ्या म्हनू."

धाकटीनं चिमुकल्या आवाजात ओळ धरली. हिनं तोच सूर अलगद उचलला, मागून पंधरा-वीस गळे आले, आणि एकही तसूभर खाली-वर नाही. माझ्या अंगावर काटा आला. असा सूर मी भल्याभल्यांच्या मैफलीत ऐकला नव्हता.

त्या गेल्यावर मी पेटी काढून तो सूर शोधला. वरच्या सप्तकातली पांढरी दोन, माझ्या काळी पाचपेक्षा बरीच उंच. माझा सा माझ्या गळ्याचा होता. या पोरींचा गळा तितका खाली धड उतरतच नव्हता. सगळ्यांत लहान गळ्याला पेलेल तो सा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. या मुलीला मात्र ते ठाऊक होतं, आणि तिलाच मी गप्प बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पांढरी दोन दाबली. सगळा वर्ग वरच्या सापर्यंत खणखणीत चढला. तिचे ओठ मात्र नुसतेच हलत होते. मी पेटी थांबवून तिच्याजवळ गेले.

"चुकलं माझं. म्हण आता."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आवाज काढू का, बाई?"

मी पेटीपाशी परत गेले आणि तिच्यासाठी पांढरी दोन दाबून धरली.