घरातलं फाटक

कारखाना उभा राहत होता तेव्हा भिलाईत सगळंच नवं होतं. रस्ते नवे, क्वार्टर नवे, शेजारीही नवे. करमत नाही म्हणून आम्ही चार मराठी माणसं रविवारी दुपारी वामनच्या क्वार्टरमध्ये जमून आपापल्या कविता वाचायचो. त्या कविता कोणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत. साठले ते किस्से, आणि तेही वामनच्या बाबांचे!

बाबा दुर्ग लायनीवर रेल्वेचे फाटकवाले होते. रिटायर होऊन एकुलत्या एका लेकाकडे आले आणि हळूहळू विसरत गेले. डॉक्टर म्हणाले, "उमर हो गई." शेवटी वामनचं नावही गेलं.

* * *

क्वार्टर सगळे एकसारखे. एकदा बाबा पलीकडच्या मल्याळी फिटरच्या घरात शिरले आणि मांडी घालून बसले. फिटरच्या बायकोला मराठी येत नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं भात-सांबार वाढलं. वामन शोधत पोचला तर बाबा हात धूत होते.

"सून आजकाल बोलत नाही," ते त्याला म्हणाले, "पन सैपाक मस्त करून राहिली!"

वामनची बायको कमल हे आम्हाला हसत हसत सांगायची. सांगून झालं की पदरानं डोळे पुसायची.

* * *

नोकरीतले दोन झेंडे, एक लाल आणि एक हिरवा, बाबांनी जपले होते. रविवारच्या बैठकीत ते घेऊनच दाराशी स्टुलावर बसायचे. एकदा मी चंद्रावरची कविता वाचत होतो. बाराव्या कडव्याला त्यांनी लाल झेंडा उभा केला!

"मालगाडी हाय. लय लांब. थांबव, बाबू."

तेव्हापासून माझ्या कविता आखूड झाल्या.

* * *

वामन फक्त बाबांवर लिहायचा. आंघोळ घालणं, घास भरवणं, धोतर बदलणं. आमच्यातल्या शाळामास्तरांना ते रुचेना. "कवितेत धोतर कशाला रे?"

"मास्तर, एकदा बदलून पाहा. मग तुमालेही दुसरं काही सुचनार नाही!"

पुढच्या रविवारी मास्तर लवकर आले. बाबांच्या आंघोळीला त्यांनी हात लावला. त्या दिवशी त्यांनी स्वतःची कविता वाचली नाही.

* * *

शिफ्टचा भोंगा झाला की बाबा लाल झेंडा धरून दार अडवायचे. "गाडी येऊन राहिली!" वामन सायकल धरून उभा. गाडी 'गेली' की हिरवा. एकदा फोरमननं हटकलं, "लेट क्यों?"

"फाटक बंद था, साहब."

"तेरे रास्ते में फाटक कहाँ है?"

"घर में है, साहब."

* * *

वामनला एकच हवं होतं. बाबांनी एकदा नावानं हाक मारावी. एका रविवारी तो कागद घेऊन त्यांच्या पुढ्यातच बसला. शेवट असा होता:

तुमचं फाटक मी सांभाळतो, बाबा.
तुम्ही फक्त एकदा
वामन नावाची गाडी येऊ द्या.

लाल झेंडा वर आला नाही. बाबांनी सगळी कविता ऐकली. वामन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुहा बाप लय बिमार दिसते, बाबू. मंग तू इथं कावून बसला? घरी जाय. तो वाट पाहून राहिला असन."

मग ते उठले, दोन्ही झेंडे घेतले.

"तुही ड्युटी मी करतो," म्हणाले, आणि दारात उभं राहून त्यांनी वामनला हिरवा झेंडा दाखवला.