नमुन्याची बाटली

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. पण वारज्यातली ती पाण्याची बाटली आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

एका सोसायटीत काविळीची साथ आली होती. आजाऱ्यांत पार्किंगमधल्या खोलीत राहणारी वॉचमनची बायको होती, आठ महिन्यांची गरोदर. आरोग्य विभागाने पाण्याचा नमुना नेला आणि अहवाल आला, 'सोसायटीचे पाणी पिण्यास योग्य'. झालं! रहिवाशांनी टँकरवाल्याला दोषी ठरवलं, बडवलं आणि वर त्यालाच आमच्या पोलीस चौकीत आणून उभं केलं.

"साथ पसरवली म्हणून गुन्हा दाखल करा," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. हे निवृत्त शिक्षक.

मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि टँकरवाल्याचा जबाब घेतला. तो रडकुंडीला आला होता. "साहेब, ह्यांच्याच टाकीत वततो मी पाणी. माझी लेकरंबी त्याच हिरीचं पित्यात."

तिथेच मला खटकलं. टँकर त्याच टाकीत रिकामा होतो. मग टाकीतलं पाणी स्वच्छ असेल, तर टँकरचं घाण कसं? एवढं विचारायला पोलीस लागतो का?

मी सेक्रेटरींना बसवून घेतलं. "नमुना नेला तेव्हा आपण हजर होतात?"

"होतो म्हणजे? आरोग्य विभागाचे साहेब आमच्याकडेच बसले होते."

"त्यांना टाकी उघडून दाखवलीत?"

"अहो, आलेल्या माणसाला टाकीत वाकायला लावायचं का? हिने पोहे केले, बाटली भरून दिली. स्वयंपाकघरातल्या फिल्टरची. आमच्या घरी पाहुण्याला साधं नळाचं पाणी देत नाहीत."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

दोन पंच घेऊन आम्ही टाकीचं झाकण उघडलं. वासानेच सगळे मागे सरले. शेजारची ड्रेनेजची लाइन आत झिरपत होती. पंचनामा झाला, नवा नमुना गेला, टँकरवाला सुटला, मारहाण करणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला. पण मधले नऊ दिवस गेले होते. वॉचमनची बायको वाचली, बाळ गेलं.

पुढे साथीच्या उपाययोजनांची आढावा बैठक झाली, तिला मलाही बोलावलं होतं. नमुना चोवीस तासांत घेतला, अहवाल वेळेत आला, सबब प्रतिसाद समाधानकारक, असं वाचून दाखवण्यात आलं. मी उभा राहिलो. "पण पाणी कोणत्या नळाचं होतं?"

"तसा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही," उत्तर आलं. चहा आला आणि बैठक संपली.

नोकरीत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. त्यांना पकडता येतं. इथे कुणीच खोटं बोललं नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो. त्या केसने मला एकच शिकवलं: साथ कशी हाताळली हे ठरवायचं असेल, तर आधी सगळ्यात आजारी माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं.

मी गेलो होतो, पण टाकी उघडल्यानंतर, जबाब घ्यायला. वॉचमनने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला, मग ओशाळून मागे घेतला.

"बाटली घेऊन ते साहेब हितनंच वर गेले," तो म्हणाला. "त्याच टाकीचा नळ आमच्या दारातच हाय. मागितलं असतं तर दिलं असतं की."