एकमताने संमत

विधानसभेत मॉरिशसशी असलेल्या मैत्रीचा ठराव वाचला जात होता. अर्धी बाकं रिकामी होती, उरलेली पेंगत होती. असल्या ठरावानं ना कायदा होतो ना रस्ता, म्हणून मी प्रेक्षक गॅलरीत हसायच्या तयारीतच बसलो होतो.

शेजारी मॉरिशसहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांचे पणजोबा कोकणातून तिकडे ऊस तोडायला गेले. गाव सुटलं, पण घरातली मराठी सुटली नाही.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे," अध्यक्ष म्हणाले. खालून नुसती पुटपुट आली. आजी मात्र उभ्या राहून खणखणीत म्हणाल्या, "होय!"

सुरक्षारक्षक धावत आला. "आजी, इथं प्रेक्षकांनी बोलायचं नसतं."

"मग मराठीत विचारलं कशाला?"

तो आल्या पावली परत गेला. माझं हसू विरलं. खुशाल पोकळ म्हणा त्या ठरावाला. परक्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या भाषेत कुणी हाक मारली, तर माणूस ओ देणारच. नियम गेला खड्ड्यात.

"ठराव एकमताने संमत," अध्यक्षांनी जाहीर केलं.

बरोबरच होतं. मत एकच पडलं होतं, आणि ते गॅलरीतून पडलं होतं.